जैतून मामांची रायफल

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज कमाल खुर्चीवरून उठून उभा राहिला! तीन वर्षांत पहिल्यांदा. इथल्या कतारी नेमबाजी क्लबचे बडे बडे मेंबर आमच्या वर्कशॉपमध्ये येतात, तेव्हा हा बसल्या बसल्या सलाम करतो आणि कानस चालवत राहतो. बंदुका दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेलीत त्याची, पेशावरकडचा आहे, कुणाला भीत नाही. आज दारात एक म्हातारी बाई होती. काळा अबाया, पायात पांढरे पळायचे बूट. मागे ड्रायव्हर, त्याच्या हातात लांब कातडी पेटी.

पेटीत अमेरिकन रायफल. शिकारीची. ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून वर केली की पुढचं काडतूस चढतं. लाकडावर ओरखडे, हात धरायच्या जागी नळीचा काळा रंग उडालेला. पण कडी काय लोण्यासारखी चालते! मी दोनदा ओढून बघितली. कमालने डोळे वटारले.

बाईंचं नाव जैतून. वय बहात्तर. नवरा तरुणपणी अमेरिकेत शिकायला होता, तेव्हा घेतलेली ही रायफल. तो दोन वर्षांपूर्वी गेला. परवाना आता यांच्या नावावर. वडिलांचा मुंबईशी व्यापार होता म्हणे, त्यामुळे हिंदी चांगली बोलतात. म्हणाल्या, "बाजारातली काडतुसं मारली की खांदा निखळतो. ऑपरेशन झालंय माझं. हलकी बनवून द्या. हलकी, पण नेम चुकवणारी नकोत."

सत्तरीच्या पुढच्या मेंबरांची आमच्या क्लबात वर्षातून एकदा परीक्षा असते. पन्नास मीटर. पाच गोळ्या. पाचही चपातीएवढ्या काळ्या गोलात. यांची फेब्रुवारीच्या शेवटी. चुकल्या तर रायफल घरात ठेवता येणार नाही.

त्या गेल्यावर कमाल म्हणाला, "शिशाच्या गोळ्या ओताव्या लागतील. साचा तू बघ, टर्नर आहेस. आणि दारूही तूच भर. माझे डोळे आता काट्यावर ठरत नाहीत."

मी हो म्हणालो. बंदुकीची दारू म्हटल्यावरही हो म्हणालो!



५ नोव्हेंबर, मंगळवार

इथं घरातल्या वडीलधाऱ्या बाईला नोकरमाणसं 'मामा' म्हणतात. कमाल त्यांना जैतून मामा म्हणतो, म्हणून मीही. बायकोला, अंजनाला, फोनवर सांगितलं तर हसून हसून बेजार. "बाईला मामा! मग मामाला काय म्हनताव तिथं, मावशी?"

मग विचारलं, "काय काम आलंय मामाचं?"

"रायफलीचा एक भाग. लेथवर."

पुढचं सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. कमालच्या गाडीतून अल रुवैसला. बंदरावर जाळी शिवणारे बसलेले. जुन्या जाळ्यांची शिशाची वजनं पोतंभर मिळाली — शुद्ध, नखाने ओरखडा उठेल इतकी मऊ. कमाल एकेक दाताखाली धरून बघत होता. मी म्हटलं, विष आहे ते! तर म्हणाला, "साठ वर्षं खातोय." त्याच्या हातून काढून घेतलं. कथील घालून थोडं कडक करायचं. फार मऊ गोळी नळीत घासते, फार कडक गोळी या जुन्या नळीला नको.

येताना समुद्राकडे तोंड करून मासे खाल्ले. कमालच्या बायकोचं नाव माहनूर, हे आज कळलं. तीन वर्षं एका टेबलावर बसतो आम्ही.

१७ नोव्हेंबर, रविवार

नळी मोजली. आतून मऊ शिशाचा तुकडा ठोकत पलीकडे काढायचा, त्याच्यावर आतल्या आट्यांचा ठसा उमटतो, मग मायक्रोमीटर. पुस्तकात दिलंय त्यापेक्षा अडीच थाऊ, म्हणजे इंचाचे अडीच हजारांश, मोठी! आणि आपल्या साच्यातून निघणारी गोळी पुस्तकाप्रमाणे. म्हणजे बारक्या पोराला बापाची पँट.

तरी कमाल म्हणाला, आधी मारून बघू.

पहिल्या पन्नास गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या — साचा थंड होता. नंतरच्या पांढुरक्या — साचा फार तापला. शेवटी ओल्या फडक्यावर टेकवायचं गणित जमलं आणि चकचकीत गोळ्या पडायला लागल्या. नाक चपटंच ठेवलंय. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक. टोकदार नाक असलं तर आतच भडका!

बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून मारलं. दहा गोळ्या. कागदावर कुणी मूठभर हरभरे फेकल्यासारखं. एक भोक तर लांबट — गोळी आडवी होऊन लागली! नळीत शिशाचा थर. घासता घासता दुपार गेली.

जैतून मामांनी कागद बघितला. "चांगलं आहे," म्हणाल्या. "याच्यापुढे मी काहीही मारलं तरी शोभेल."

१ डिसेंबर, रविवार

दारूची प्रत्येक भरणी तीन-तीनदा तोलतो. इतका भित्रा फक्त दारूपाशी. लेथवर नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

साचा मोठा केला. बारीक पावडर तेलात कालवून एका गोळीला लावायची, ती साच्यात धरून हाताने फिरवत राहायची. किती? तर आता पुरे असं वाटेल त्याच्या जरा आधीपर्यंत. चार दिवस लागले. आज गोळी नळीपेक्षा दोन थाऊ मोठी निघाली. बुडाला तांब्याची वाटी बसवली, मधाच्या पोळ्याचं मेण लावलं.

हवा गार. वारा नाही. पाच गोळ्या मारल्या आणि दुर्बिणीतून बघितलं तर तीनच भोकं!  जाऊन बघतो तर दोन गोळ्या आधीच्याच भोकांत गेलेल्या. पाचही चहाच्या बशीत!

कमालने माझी टोपी काढून वाळूत फेकली. त्याच्याकडे आनंद असा व्यक्त करतात की काय!

१३ डिसेंबर, शुक्रवार

मन्सूऱ्यातल्या आमच्या खोलीवर सागर आहे, साताऱ्याचा, इलेक्ट्रिशियन. अंजनाशी बोलत होतो तर मागून मोठ्याने, "वहिनी, साहेब दिवसभर दारू मोजतात! कतारमध्ये! आमचाही वशिला लावा!"

अंजना गप्प झाली. तिला कळलं ती कुठली दारू. मग हळू आवाजात, "खरं हाय का?"

"मस्करी करतोय तो."

"शपथ?"

"शपथ."

खोटी शपथ. लिहून ठेवतो इथे, म्हणजे निदान इथे तरी खरं राहील.

रामेश्वर तिचा मोठा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच काडतूस कारखान्यात. तपासणीच्या टेबलावर मी, चाचणीच्या खोलीत तो. त्या दिवशी काडतुसांचा ट्रे माझ्या हातून गेला. शेवटच्या ओळीत मी वाकून पाहिलं होतं की नाही, मला आठवत नव्हतं. शिक्का मारला. वीस मिनिटांनी धमाका. रामेश्वरच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत निघालं — यंत्राचा दोष. मी मान डोलावली. मग नोकरी सोडली. घरात सगळे म्हणाले, मेव्हण्याचं पाहून घाबरला बिचारा.

२२ डिसेंबर, रविवार

जैतून मामांनी आज पहिल्यांदा मारली. उंच खुर्ची, पुढे वाळूची पिशवी. पहिली गोळी सुटल्यावर खांदा चोळायला हात वर नेला — आणि तसाच थांबला. दुखलंच नाही! मग लहान मुलीसारख्या हसल्या. "हे तर मांजरीने ढुशी दिल्यासारखं आहे!"

नेम कसला बाईंचा! श्वास सोडतात, अर्ध्यावर थांबतात, बोट हलल्याचं दिसतही नाही. म्हणाल्या, वाळवंटात तंबू टाकायचो तेव्हा नवरा डबे ठेवायचा. "त्याचे तीन पडायचे, माझे चार. घरी येऊन उलटं सांगायचा. मी सांगू द्यायचे."

एक गोष्ट मात्र झाली. "पाच झाल्या," म्हणत रायफल बाकावर ठेवून उठल्या. कमालने सहज उचलल्यासारखं करून कडी ओढली. एक जिवंत काडतूस टुणकन बाहेर पडलं. चारच मारल्या होत्या.

कमालने ते खिशात टाकलं.  मामांनी पाहिलं. मला वाटतं पाहिलं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

जैतून मामांचा मुलगा आला होता, एकटाच. नासिर. पंचेचाळीसचा असेल, कुठल्या तरी मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर. कमाल नमाजाला गेला होता. नासिरने स्वतःच्या हाताने करक, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या, चहाचे दोन कप आणले होते. एक माझ्यासमोर ठेवला. तेव्हाच वाटलं, काहीतरी मागणार.

इंग्लिशमध्ये म्हणाला, "तू फार चांगली काडतुसं बनवतोस असं आई म्हणते."

"थँक यू सर."

"थोडी वाईट बनव."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. त्याने परत सांगितलं. फार नाही, थोडी. दोन गोळ्या काळ्याबाहेर गेल्या की झालं. क्लबच तिला नको म्हणेल. मला तिच्या हातातून वडिलांची वस्तू ओढून घ्यावी लागणार नाही.

मी विचारलं, विकायची आहे का रायफल? चेहरा एकदम पडला त्याचा. "विकू? तुला असं वाटलं?" मग कप बाजूला सारला. "मागच्या महिन्यात तिने माझ्या मुलीला दोनदा विचारलं, तू कोणाची गं? तिच्या उशाशी कपाटात ती रायफल असते. मी रोज ऑफिसातून घरी फोन करतो, आणि कुणीतरी उचलेपर्यंत..."



मी म्हटलं, सर, विचार करतो.

१३ जानेवारी, सोमवार

विचार कसला करायचा? वाईट काडतूस 'थोडं' नसतं. या हलक्या भरणीत पितळी केस, म्हणजे काडतुसाची डबी, अर्धीसुद्धा भरत नाही. एकदा दारू घातली आणि विसरून परत घातली, तरी बाहेर काही सांडत नाही! वरून गोळी बसवली की कुणाला कळायचं नाही. अशी एक जरी या जुन्या नळीत गेली तर चेहऱ्यासमोर फुटेल. म्हणून गोळी बसवण्याआधी केसच्या प्रत्येक ओळीत टॉर्च मारून आत बघायचं. हा नियम मीच कमालला सांगितला.

पण बापडा खोटं बोलत नव्हता. चार मारून पाच म्हणाल्या, ते मी स्वतः बघितलं.

१४ जानेवारी, मंगळवार

नासिरला फोन करून नाही म्हणालो. "परीक्षेला ज्या बसणार त्यांची परीक्षा खरी होऊ द्या, सर." तो म्हणाला, "खलास," म्हणजे अरबीत 'बस, झालं'. आणि ठेवला.

संक्रांत आहे हे सागरने तिळाची वडी दिली तेव्हा कळलं.

९ फेब्रुवारी, रविवार

खांद्यामुळे मामा तीन आठवडे आल्या नव्हत्या. आज आल्या. माझ्याकडे बघून "कमाल" म्हणाल्या आणि कमालकडे बघून काहीच म्हणाल्या नाहीत. मग स्वतःवरच चिडल्या. पण बाकावर बसल्या की सगळं जागेवर! पाचपैकी पाच. हात विसरत नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हे नीट लिहायला हवं.

परीक्षा सोमवारी. सकाळी पन्नास काडतुसं भरायला बसलो — सरावाची, परीक्षेची, सगळी एका घाण्यातली. दहा-दहाच्या पाच ओळी. चौथ्या ओळीच्या मध्यावर मॅनेजरने हाक मारली. सही करायची होती, दोन मिनिटांचं काम. परत येऊन बसलो, ओळ पुरी केली, गोळ्या बसवल्या. संपल्यावर डब्यातली उरलेली दारू तोलली, रोज तोलतो तशी.

एका भरणीएवढी कमी!

पन्नास केस, एक्कावन्न भरण्या. कुठेतरी एकात दोन. किंवा नाही — सांडली असेल. चौथ्या ओळीत टॉर्च मारली होती? डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. टॉर्च हातात दिसते. पण ती आजची की कालची?

कमाल म्हणाला, एकेक काडतूस तोल, जड असेल ते बाजूला काढ. तोललं. काही उपयोग नाही. ओतीव गोळ्याच एकमेकींत तेवढ्या फरकाच्या असतात, त्यात दारूचा फरक बुडून जातो. मग म्हणाला, "चौथी ओळ फोड, बाकी राहू दे."

"ओळी मिसळल्या. बसवताना सगळी एका डब्यात टाकली."

 कमालने दाढी खाजवली. "शहाजी, बहुतेक सांडलीच असणार."

बहुतेक.  त्या दिवशी कारखान्यात ट्रे पुढे ढकलताना मनात मीही हेच म्हणालो होतो.

फोडायला घेतली. हातोड्यासारखं हत्यार असतं, त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि ओंडक्यावर आपटायचं. चार-पाच ठोक्यांत गोळी निघते. दारू ताटलीत ओतायची, तोलायची. एक. दोन. नऊ. तीस. कमाल शेजारी बसून वजनं लिहीत होता. त्याला आकडे धड दिसत नाहीत, तरी लिहीत होता. पन्नासावं फोडलं तेव्हा माझा उजवा हात वर होत नव्हता.

एकातही दोन नव्हत्या.

काट्याच्या पायाखाली बघितलं. तिथे, खाचेत, सांडलेली.

कमाल हसायला लागला. मला रडू आलं. मेण, साचे, कागद — सगळ्यांच्या मध्ये बसून सत्तेचाळीस वर्षांचा माणूस रडत होता. कमालला वाटलं मेहनत वाया गेली म्हणून. तो म्हणाला, "अरे, गोळ्या परत ओतू! मी आहे ना!"

तेव्हा त्याला रामेश्वरचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही हिंदीत. त्याने पाणी दिलं. "बायकोला सांगितलंस?" "नाही." "हम्म."

२० फेब्रुवारी, गुरुवार

जैतून मामा सरावाला आल्या. काडतुसंच नाहीत! कमाल डोळ्यांनी खुणावत होता — सांग की काडतूस पेटवणारे प्रायमर संपले. मी खरं ते सांगितलं.

त्या शांतपणे ऐकत होत्या. "किती फोडलीस?"

"पन्नास."

"सापडलं?"

"नाही मामा. बाहेर सांडली होती."

"म्हणजे सगळी चांगली होती."

"हो."

"मग का फोडलीस?"

"मला आठवत नव्हतं. आठवत नसताना तुमच्या हातात देता येईना."

 मग उठल्या, हातमोजे पर्समध्ये ठेवले. "सोमवारी पाच लागतील," म्हणाल्या. "पाच दे. सरावाची नकोत."

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टीच्या दिवशी दोघांनी ओतल्या. बारा बनवली. प्रत्येक केसमध्ये आधी मी टॉर्च मारली, मग कमालने. त्याला काय दिसलं असेल देव जाणे! पण प्रत्येक वेळी मोठ्याने 'एक' म्हणाला.

सात आम्ही मारून पाहिली. बशीतच. पाच ठेवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊ. धुळीचा वारा, डावीकडून. परीक्षक टेबलाशी, मागे दहा-बारा माणसं. नासिर अगदी शेवटी, खांबाला टेकून. माझ्याकडे बघितलं नाही.

मामांनी पाच काडतुसं एकेक करून भरली. पहिली — दुर्बिणीतून दिसली, काळ्यात. दुसरी — काळ्यात, जरा उजवीकडे. वारा. त्यांनी नळी केसभर डावीकडे घेतली, मला दिसलं. तिसरी मध्यावर. मग खूप वेळ घेतला. चौथी.

आणि रायफल खाली केली.

परीक्षक गप्प. त्याने बोलायचं नसतं. पाच मिनिटांच्या आत पाच माराव्या लागतात, आणि मारणाऱ्याने 'संपलं' म्हटलं की संपतं. घड्याळ चालू. मामा कागदाकडे बघत होत्या. ओठ हलत होते. मोजत असाव्यात, पण पन्नास मीटरवरून भोकं कुठून दिसणार?

कमालचा हात माझ्या दंडात रुतला. ओरडावंसं वाटत होतं, पण आम्ही क्लबची माणसं. आमच्या तोंडून शब्द गेला तर परीक्षा बाद!

मामांनी मान वळवली. सगळ्यांच्या देखत, अरबीत, मोठ्याने विचारलं. तेवढं अरबी मला कळतं. "किती झाल्या?"

 बहात्तर वर्षांची बाई, अशा घरातली, आणि असं विचारावं लागलं! त्यांच्या चेहऱ्यावर मात्र लाज नव्हती. त्या नुसत्या थांबल्या होत्या.

मागून आवाज आला. "चार, युम्मा. एक बाकी आहे." युम्मा म्हणजे आई.

नासिर. खांबापासून दोन पावलं पुढे आलेला. डोळे लाल.

परीक्षकाने त्याच्याकडे बघितलं, मग कागदांत बघितलं. घरच्यांनी बोलू नये असं कुठे लिहिलेलं नसावं. त्याने कागद खाली ठेवले.

मामांनी कडी ओढली. श्वास सोडला, अर्ध्यावर थांबल्या. पाचवी.

काळ्याच्या कडेला, रेषेला चिकटून. पण आत! आत!

कमालने यावेळी स्वतःचीच टोपी फेकली. नासिरने आईला खुर्चीवरून उठवलं आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. जाताना आभार मानायला माझ्यापाशी थांबला, म्हणाला, "शुक्रन." राग नव्हता. पण सुटकाही नव्हती चेहऱ्यावर. मला माझ्या आनंदाची जरा लाज वाटली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्यापासून रमजान. आज अंजनाला सगळं सांगितलं. दारूचं, खोट्या शपथेचं, आणि नऊ वर्षांपूर्वीच्या ट्रेचं.  फोन चालू आहे की नाही ते दोनदा पाहिलं. शेवटी म्हणाली, "मला कशाला सांगताव? बोटं माझी गेलती का? दादाला फोन करा." आणि कट.

५ मार्च, बुधवार

पाच दिवस नंबर काढून ठेवत होतो. आज लावला. रामेश्वर शेतावर होता, पाण्याच्या मोटारीचा आवाज. मी एका दमात बोललो, मध्ये थांबलो असतो तर राहिलंच असतं.

तिकडे मोटार बंद झाली.

"म्हंजे बघितलं नव्हतंस तू."

"आठवत नाही, रामूदादा. आजही आठवत नाही."

"नऊ वर्षं लागली व्हय सांगायला?"

मी "हो" म्हणालो.

"पोळ्याला माझ्या बैलांच्या शिंगाला रंग तूच लावायचा," म्हणाला. "माझ्या हातून बुरूस धरवत नाही. दरसाल गड्याला सांगावं लागतंय. यंदा ये." आणि परत मोटार चालू केली.

माफ केलं की शिक्षा दिली, कळलं नाही. रजेचा अर्ज भरला आहे.

६ एप्रिल, रविवार

ईदनंतरचा कामाचा पहिला आठवडा. जैतून मामा आल्या, सोबत नासिर. रायफलीची पेटी आज तो उचलून चालत होता. क्लबचं परवानगीपत्रही होतं.

पास झाल्याचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला, त्यावर रायफल. म्हणाल्या, "डॉक्टरने माझ्या आजाराचं नाव सांगितलंय. ते नावच मला आठवत नाही." आणि हसल्या. मग म्हणाल्या, "नळी बंद कर. कायमची. नासिरच्या बैठकीत भिंतीवर राहील. मला कुणी घे म्हणालं म्हणून नाही. मीच देते आहे. आणि तूच बंद कर, दुसऱ्या कुणाचा हात नको."

कमाल बाहेर निघून गेला.

मी काडतुसावर आपटणारी पिन काढली, नळीच्या बुडात लोखंडी डट्टा बसवला आणि वेल्डिंगचा चष्मा लावला. डट्टा जागेवर कायमचा जोडून टाकला. लोखंड गार होईपर्यंत त्या खुर्चीवर बसून होत्या. मग जवळ आल्या, कडी एकदा खाली ओढली, वर केली, आणि नासिरला म्हणाल्या, "चल."